इंजिन ऑइल तपासून ऑइल बदलायचं अंतर ठरवता येतं का?

वळणवाट

घरच्या गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं याला मॅन्युअल एक उत्तर देतं, मेकॅनिक दुसरं देतो आणि ऑइलच्या कॅनवर तिसरंच छापलेलं असतं. तिघंही माझी गाडी बघत नाहीत. म्हणून या वेळी काढलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट आलाय. तो कसा वाचायचा आणि त्यावरून पुढचं अंतर कसं ठरवायचं, यासाठी हा धागा.

गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल, थेट इंजेक्शनवाली. ४०,००० किमी ओलांडलेली. ऑइल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. मॅन्युअल म्हणतं सामान्य वापरात १५,००० किमी किंवा एक वर्ष, कठीण वापरात त्याच्या निम्मं. वापर मुख्यतः शाळा, ऑफिस, किराणा अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांचा, अधूनमधून लांबचा प्रवास.

सुमारे ८,००० किमी चाललेल्या ऑइलचे आकडे:

लोह १९ पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग; खालचे धातूही याच मापात)
अ‍ॅल्युमिनियम ९
तांबं ३
शिसं १ पेक्षा कमी
सिलिकॉन ३१
सोडियम ४, पोटॅशियम २
विस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) १०० अंश सेल्सिअसला ९.० सेंटिस्टोक
ऑइलमधलं पेट्रोल ३.२ टक्के
टीबीएन ४.३
पाणी नाही

टीबीएन अजून बराच शिल्लक दिसतोय. मग १२,००० पर्यंत जायला हरकत नसावी, असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

मध्यममार्गी

वाचतोय. टीबीएन म्हणजे काय ते कोणीतरी साध्या भाषेत सांगा.

तेलपाणी

मी अशाच तपासण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टीबीएन म्हणजे ऑइलमध्ये आम्ल मारण्याची किती ताकद उरली आहे त्याचं माप. इंधन जळताना तयार होणारी आम्लं आणि तापलेल्या ऑइलच्या ऑक्सिडेशनमधून होणारी आम्लं, दोन्ही ऑइलमधले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट खाऊन टाकतात. हा साठा हळूहळू संपतो. पेट्रोल गाडीच्या नव्या ऑइलचा टीबीएन साधारण ६ ते १० च्या दरम्यान असतो. दोनच्या आसपास आला की ऑइल काढायची वेळ झाली असं बहुतेक प्रयोगशाळा मानतात. सोबत टॅन, म्हणजे जमलेल्या आम्लाचं माप, करून घेतलं तर आणखी बरं. टॅन चढत जाऊन टीबीएनला गाठतो ती जागा महत्त्वाची.

मात्र एक खबरदारी हवी. टीबीएन मोजायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत, एक पर्क्लोरिक आम्लाने आणि दुसरी हायड्रोक्लोरिक आम्लाने. वापरलेल्या ऑइलचा आकडा पहिल्या पद्धतीने जास्त येतो. कॅनच्या माहितीपत्रकातला आकडा बहुधा पहिल्या पद्धतीचा असतो आणि तुमच्या रिपोर्टातला दुसऱ्या पद्धतीचा असू शकतो. दोन्ही शेजारी ठेवून 'इतका टीबीएन संपला' असं म्हणणं चुकीचं ठरतं. त्याच कॅनमधल्या न वापरलेल्या ऑइलचा नमुना त्याच प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. तुलनेचा पाया पक्का होतो.

आता @वळणवाट, तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. टीबीएन ठीक आहे, पण विस्कॉसिटी बघा. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत ३० ग्रेडची (५डब्ल्यू-३० मधला ३०) विस्कॉसिटी १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असायला हवी. तुमचं ऑइल ९.० वर आलंय, म्हणजे ते २० ग्रेडमध्ये उतरलं आहे. ज्या इंजिनाला निर्मात्याने ३० ग्रेड सांगितलंय, त्यात ते आज त्यापेक्षा पातळ फिरतंय. कारण पुढच्याच ओळीत आहे, ३.२ टक्के पेट्रोल. २ टक्क्यांपुढे गेलं की कारण शोधायचं आणि ५ कडे जायला लागलं की ऑइल काढायचंच, असं आम्ही ग्राहकांना सांगतो.

ऑइल बदलायचं अंतर सगळ्यात आधी बिघडणाऱ्या आकड्यावर ठरतं. बाकीचे कितीही चांगले असोत.

अबोली

@तेलपाणी, ऑइलमध्ये पेट्रोल जातंच कसं? इंजेक्टर गळतोय का?

तेलपाणी

गळत असेलच असं नाही. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना मिश्रण जास्त समृद्ध, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवावं लागतं, आणि थंड भिंतीवर पडलेलं पेट्रोल पूर्ण उडत नाही. ते रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. इंजिन तापून ऑइल ९०-१०० अंशांवर बराच वेळ राहिलं तर पेट्रोलचा हलका भाग आणि पाण्याची वाफ उडून जातात. पाच किलोमीटरच्या फेरीत कूलंट तापतं, काटा मधोमध येतो, पण ऑइल त्याच्या मागून सावकाश तापतं. फेरी संपते तेव्हा ते अजून कोमटच असतं. अशा वापरात पेट्रोल साठत जातं.

म्हणून नमुना घेताना आधीचा आठवडा गाडी कशी चालली होती हेही लिहून ठेवा. लांबच्या प्रवासानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात पेट्रोल कमी दिसेल आणि रोजच्या वापराचं चित्र लपेल. शिवाय काही प्रयोगशाळा पेट्रोलचं प्रमाण फ्लॅश पॉइंटवरून (ऑइलची वाफ पेट घेते त्या तापमानावरून) अंदाजाने काढतात, काही गॅस क्रोमॅटोग्राफने मोजतात. दोन पद्धतींचे आकडे जुळतीलच असं नाही. प्रयोगशाळा मध्येच बदलू नका.

निर्धास्त

मला एक समजत नाही. ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलला की विषय संपला. तपासणीला पैसे, बाटली पाठवायची खटपट, वर रिपोर्ट समजून घ्यायची डोकेफोड. ट्रक-बसच्या ताफ्यांना हे परवडतं, कारण त्यांच्या एकेका इंजिनात पंचवीस-तीस लिटर ऑइल असतं. घरच्या गाडीत चार-पाच लिटर. तपासणीचा खर्च जवळपास नव्या ऑइलइतकाच होणार असेल तर सरळ ऑइलच का बदलू नये?

चौकसबुद्धी

@निर्धास्त, मुद्दा रास्त आहे, आणि निव्वळ ऑइलचे पैसे वाचवायचे असतील तर तुमचंच खरं. चार लिटरच्या इंजिनात तपासणी करून अंतर वाढवून फार काही हाती लागत नाही. पण ही पद्धत ऑइल वाचवायला निघालेलीच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या डिझेल लोकोमोटिव्हच्या ऑइलमधले धातू मोजू लागल्या, ते बेअरिंग जाण्याआधी कळावं म्हणून. पुढे लष्करी विमानांच्या इंजिनांसाठी तेच झालं. ऑइल हे तिथे इंजिनाच्या आतली बातमी बाहेर आणणारं साधन होतं.

याच धाग्यातला सिलिकॉन बघा. ३१ पीपीएम. मला तर सगळ्या रिपोर्टमध्ये हीच ओळ सर्वात जास्त खटकली. @वळणवाट, एअर फिल्टर शेवटचा कधी उघडला होता?

वळणवाट

मागच्या सर्व्हिसला बदलला होता. बाहेरचा, कंपनीचा नव्हे. सिलिकॉन ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हचंच असेल असं मी धरून चाललो होतो.

तेलपाणी

फेस होऊ नये म्हणून सिलिकॉनचं अ‍ॅडिटिव्ह ऑइलमध्ये असतंच, पण ते मोजक्या पीपीएमचं. ३१ त्याने होत नाही.

सिलिकॉन मुख्यतः तीन वाटांनी येतं. नव्या इंजिनात गॅस्केट आणि सीलंटमधून, तेव्हा पहिल्या एक-दोन ऑइलमध्ये आकडा खूप मोठा असतो आणि पुढे आपोआप उतरतो. मध्ये कोणी व्हॉल्व्ह कव्हर किंवा ऑइल पॅन उघडून सीलंट लावला असेल तरी तसंच. तिसरी वाट धुळीची. धुळीत सिलिकासोबत अ‍ॅल्युमिनाही असतो, म्हणून सिलिकॉन चढताना अ‍ॅल्युमिनियमही चढतं. आणि धूळ सिलिंडर-रिंग घासते म्हणून लोहही चढतं. सीलंटचं सिलिकॉन एकटंच चढतं, बाकीचे धातू जागच्या जागी राहतात. तुमच्याकडे तिन्ही वर आहेत: सिलिकॉन ३१, अ‍ॅल्युमिनियम ९, लोह १९. गाडी नवी नाही. मला धुळीचा संशय आहे. फिल्टर त्याच्या खोबणीत नीट बसलाय का, झाकणाच्या क्लिपा शाबूत आहेत का, फिल्टरच्या पुढच्या पाइपाचा क्लॅम्प सैल आहे का, हे बघा. पाइपाच्या आत बोट फिरवून बघा. फिल्टरनंतरच्या भागात धूळ लागली तर उत्तर मिळालं.

त्याआधी नमुना कसा घेतला तेही सांगा. ड्रेन प्लगभोवतीची माती न पुसता बोल्ट काढला असेल तर तीच बाटलीत गेली असेल.

वळणवाट

गाडी फिरवून आणल्यावर गरम असतानाच काढलं. प्लगभोवतीची जागा पुसली होती. पहिली धार जाऊ दिली आणि मधल्या धारेखाली बाटली धरली.

तेलपाणी

उत्तम, असाच घ्यायचा. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो, शेवटच्या थेंबांतही तेच. थंड ऑइल काढलं तर जड कण खाली बसलेले असतात आणि नमुना खोटा निघतो. ऑइल न बदलता मध्येच नमुना हवा असेल तर डिपस्टिकच्या नळीतून छोट्या हातपंपाने ओढता येतो, मात्र प्रत्येक वेळी नवी नळी वापरायची.

बाटलीसोबत चार गोष्टी लिहा: इंजिनाचे एकूण किलोमीटर, ऑइलवरचे किलोमीटर, ऑइलचं नेमकं नाव आणि ग्रेड, आणि मध्ये किती टॉप-अप केलं, म्हणजे वरून किती नवं ऑइल ओतलं. टॉप-अप लोक विसरतात. चार लिटरच्या इंजिनात लिटरभर नवीन ऑइल पडलं की धातू पातळ होतात, टीबीएन ताजा होतो आणि रिपोर्ट उगाच गोजिरा दिसतो.

रानवाटा

माझ्याकडे डिझेल एसयूव्ही आहे, डीपीएफवाली (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर). दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढते*. मेकॅनिक म्हणतो चांगलंच आहे, ऑइल पीत नाही तुमची गाडी. मला चैन पडत नाही.

तेलपाणी

चैन पडू नये अशीच ही गोष्ट आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला अनेक गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात, म्हणजे एक्झॉस्ट तापतो. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल निदान लांबच्या प्रवासात काही प्रमाणात उडून जातं. डिझेलचा उत्कलनबिंदू खूप वरचा, ते तसं उडत नाही, साठतच जातं. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर आणखी चिवट. छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफची सफाई अर्धवट राहिली, की ती पुन्हा पुन्हा सुरू होते आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली.

पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, ऑइल बदला, आणि काढलेल्याचा नमुना पाठवा. त्यात इंधनाचं प्रमाण, विस्कॉसिटी आणि काजळी हे तीन आकडे मागा. काजळी ऑइल घट्ट करते आणि डिझेल पातळ करतं, त्यामुळे दोन्ही भरपूर असताना विस्कॉसिटी अगदी नॉर्मल दिसू शकते. नुसती विस्कॉसिटी बघून निर्धास्त व्हायचं नाही.

अबोली

माझ्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम खूप कमी दिसतंय, आधीच्या ऑइलच्या जवळपास निम्मं. ऑइल बनावट असेल का?

चौकसबुद्धी

मॅग्नेशियम किती आहे ते बघा. ते आधीपेक्षा बरंच वाढलेलं असेल तर काळजी नको. टर्बो थेट-इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जोर दिला की वेळेआधी ज्वलन होऊन पिस्टन फुटायचे प्रकार झाले, आणि कॅल्शियमचे डिटर्जंट त्याला हातभार लावतात असं आढळलं. म्हणून एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएन प्लस (२०१८) आणि एसपी (२०२०) या दर्जांच्या ऑइलमध्ये अनेक कंपन्यांनी काही कॅल्शियम काढून मॅग्नेशियम घातलं. फॉस्फरसही बघून घ्या. ३० आणि त्याखालच्या ग्रेडच्या बहुतेक पेट्रोल ऑइलांत तो ६०० ते ८०० पीपीएममध्ये ठेवतात. जास्त झाला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, कमी झाला तर झिजेपासून संरक्षण कमी पडतं.

अबोली

मॅग्नेशियम खरंच कितीतरी जास्त आहे. जीव भांड्यात पडला, धन्यवाद!

मध्यममार्गी

हळूहळू समजायला लागलंय. सोडियम-पोटॅशियम कशासाठी बघतात?

तेलपाणी

कूलंटसाठी. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरमधून कूलंट ऑइलमध्ये येऊ लागलं की हे दोन वर जातात, पाणी दिसायच्या कितीतरी आधी, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. फक्त नव्या गाडीत एकटं पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. अ‍ॅल्युमिनियमचे कूलर जोडताना वापरलेल्या फ्लक्समधून ते काही काळ येत राहतं. तसंच नव्या ऑइल कूलरमधून तांबं सुटतं आणि आतून थर धरला की कमी होतं.

निर्धास्त

बरं, मग आकडे चांगले आले म्हणजे इंजिन ठणठणीत, असं समजायचं का?

तेलपाणी

नाही. हे प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. आयसीपी नावाच्या यंत्रावर आम्ही धातू मोजतो, आणि त्याला साधारण पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण जवळजवळ दिसतच नाहीत. सावकाश होणारी झीज बारीक कणांची असते, ती उत्तम दिसते. पण बेअरिंगचा पापुद्रा सुटला, टायमिंग चेनच्या गाइडचा तुकडा पडला, तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात. त्यामुळे जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून बघणं ही तपासणीची दुसरी बाजू आहे. चकाकणारे कपचे दिसले तर चुंबक लावा, लोखंडी की बिनलोखंडी ते कळेल. आणखी एक: आजच्या बऱ्याच बेअरिंगमध्ये शिसं नसतंच. 'शिसं शून्य म्हणजे बेअरिंग छान' हा जुना ठोकताळा आता चालत नाही.

चौकसबुद्धी

यात भर घालतो. किलोमीटर हे मापच कधीकधी दगा देतं. सरासरी ताशी ६० च्या वेगाने १०,००० किमी म्हणजे इंजिन साधारण १६७ तास चाललं. गर्दीत ताशी २० च्या सरासरीने तेच अंतर ५०० तासांचं होतं. ऑइलने तिप्पट काम केलं आणि ओडोमीटर दोघांचं सारखंच. डॅशबोर्डवरचा 'ऑइल लाइफ' टक्का अनेक गाड्यांमध्ये इंजिनाचे फेरे, तापमान, थंड स्टार्ट अशा गोष्टींवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे तो नुसत्या किलोमीटरपेक्षा बरा. पण तो ऑइलला हात लावत नाही. फिल्टरच्या फटीतून धूळ आत येतेय हे त्या गणिताला कळायचा मार्गच नाही.

वळणवाट

अपडेट. @चौकसबुद्धी आणि @तेलपाणी, तुमचा संशय खरा निघाला. एअर बॉक्सच्या मागच्या बाजूची क्लिप तुटलेली होती आणि फिल्टरची रबरी कड एका कोपऱ्यात दुमडली होती. पाइपात बोट घातलं तर बारीक पिवळसर धूळ. क्लिप बदलली, मोजून खोबणीत बसेल असा फिल्टर घातला, पाइप आणि बॉक्स पुसून काढले, ऑइलही लगेच बदललं. आता पुढच्या नमुन्याची वाट बघतोय.

रानवाटा

वा! हे कळलं नसतं तर इंजिनाने वर्षानुवर्षं धूळ खाल्ली असती. मीही नमुना पाठवलाय. ऑइल बदललं, पातळी आता रोज बघतो.

वळणवाट

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतोय. दुसरा रिपोर्ट आला. तेच ऑइल, तीच प्रयोगशाळा, ऑइलवर साधारण ७,५०० किमी, टॉप-अप नाही.

सिलिकॉन १०, अ‍ॅल्युमिनियम ४, लोह ११. पेट्रोल मात्र २.९ टक्के, विस्कॉसिटी ९.१. टीबीएन ४.६. न वापरलेल्या ऑइलचा नमुनाही पाठवला होता, त्याची विस्कॉसिटी १०.६ आणि टीबीएन ७.८.

लोह दर हजार किलोमीटरला २.४ वरून १.५ च्या आसपास आलं. धुळीचा प्रश्न मिटला हे उघड आहे. पण १२,००० चा विचार मी सोडून दिलाय. टीबीएन तिथवर टिकला असता, विस्कॉसिटी टिकत नाही, आणि तिला कारण आमच्या छोट्या फेऱ्या. त्या बदलणं शक्य नाही, शाळा आणि ऑफिस आहे तिथेच राहणार. मग ६,००० किमी किंवा सहा महिने, यातलं आधी येईल ते, असं ठरवलंय. बरोबर वाटतंय का?

तेलपाणी

मला पटलं. ६,००० ला पुढचा नमुना घ्या आणि विस्कॉसिटी ९.३ च्या वर राहते का तेवढं बघा. राहिली तर हे अंतर पक्कं. नाही राहिली तर ५,००० वर या, किंवा मॅन्युअलने मान्य केलेल्यांपैकी ३० ग्रेडच्या वरच्या टोकाकडचं, म्हणजे १०० अंशांना १२ च्या जवळचं ऑइल घ्या. पेट्रोल तेवढंच मिसळलं तरी ते ग्रेडमध्ये टिकेल. आकड्यांत थोडा फरक आला तर लगेच अर्थ काढू नका. लोह ११ आणि लोह १३ यांत काही फरक नाही, तेवढं मोजमापातच इकडेतिकडे होतं. तीन नमुने झाले की कल दिसायला लागतो.

मध्यममार्गी

माझा वापर उलटा आहे, जवळपास सगळा हायवे. मला अंतर वाढवता येईल का?

तेलपाणी

वॉरंटी असेल तर मॅन्युअलच्या पुढे जाऊ नका, रिपोर्ट कितीही सुंदर असो. वॉरंटी संपली असेल तर आधी सध्याच्या अंतरावर एक नमुना घ्या. विस्कॉसिटी ग्रेडमध्ये, पेट्रोल १ टक्क्याच्या खाली, टीबीएन नव्याच्या निम्म्याहून जास्त आणि लोहाचा दर स्थिर, असं सगळं असेल तरच पुढच्या वेळी १,५०० किमी वाढवा आणि पुन्हा तपासा. एका उडीत दुप्पट करू नका. वर्षाची मर्यादा तशीच ठेवा. आणि ऑइलचा ब्रँड बदललात तर मोजणी पहिल्यापासून, नव्या कॅनचा कोरा नमुना पाठवण्यापासून.

मध्यममार्गी

कोऱ्या नमुन्यासाठी रिकामी बाटली आजच मागवतो.